‘पावती छापा’ कधी चालू, कधी फिकं: डेस्कटॉप ॲपच्या मेनूची व्यवस्था

मी दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिते. विंडोजवर चालणारं, पायथॉन आणि पायसाइड ६ मध्ये (म्हणजे खिडक्या-मेनू बनवायची क्यूटी ही लायब्ररी पायथॉनमधून वापरून) केलेलं साधं डेस्कटॉप ॲप. वर मेनूपट्टी, तिच्यावर संकलन, बिल, अहवाल, साधने असे चार मेनू. यातले सगळे पर्याय सदासर्वकाळ दाबता येतील असे ठेवले तर काय होईल, ते सांगायला नको. पहाटे रांगेत माणसं किटल्या घेऊन उभी, लिपिकाचा हात ‘सत्र बंद करा’वर पडतो आणि सकाळचं सत्र अर्ध्यात मिटतं. मग उरलेलं दूध संध्याकाळच्या सत्रात घालायचं का, यावर चेअरमनपर्यंत वाद.

म्हणून त्या त्या वेळी जे चालणार नाही ते फिकं करून ठेवायचं. ते करणारी आज्ञा एका ओळीची आहे: सेटएनेबल्ड, कंसात फॉल्स. एवढं कोणीही पाच मिनिटांत शिकतो. सहा महिन्यांनी तीच ओळ प्रोग्रॅममध्ये पन्नास ठिकाणी पसरलेली असते आणि कुठला पर्याय कशामुळे फिका पडला ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही. हा लेख त्या पन्नास ओळींची एक कशी करायची याबद्दल आहे. क्यूटीमधली नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की एडिटर पुढचं सुचवतोच.

लपवायचं की फिकं करायचं

आधी हे ठरवा, कारण दोन्हींच्या आज्ञा वेगळ्या आहेत. सेटएनेबल्ड पर्याय फिका करतं, सेटव्हिजिबल तो यादीतूनच काढून टाकतं.

माझी वाटणी अशी: आत्ता चालत नाही पण थोड्या वेळाने चालेल, ते फिकं. या माणसाला कधीच करायचं नाही, ते अदृश्य. ‘पावती छापा’ नोंद निवडली की चालतं, म्हणून ते फिकं होतं आणि पुन्हा उजळतं. ‘दर तक्ता बदला’ हे सचिवांचं काम. गाईच्या ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून उरणारे घन घटक) काय दर, म्हशीच्या दुधाला काय, हे लिपिकाने बदलायचं नसतंच. त्याच्या मेनूत ते रोज फिकं दिसत राहिलं तर ‘हे कधी चालू होणार?’ एवढंच त्याच्या डोक्यात राहतं. त्याच्या लॉगिनला ते दिसूच नये.

थोड्या वेळापुरतं बंद आहे म्हणून लपवणं मात्र टाळा. मॅकिंटॉशवर १९८४ पासून मेनूतला न चालणारा पर्याय जागेवरच फिका दिसतो, आणि त्यामागचं कारण अजून तसंच आहे: माणूस जागा लक्षात ठेवतो. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने कमी वापरातले पर्याय मेनूत आपोआप दडवायला सुरुवात केली होती. कालची गोष्ट आज सापडायची नाही. २००७ च्या ऑफिसात मुख्य प्रोग्रॅमांना मेनूऐवजी रिबन (वरची बटणांची रुंद पट्टी) आली आणि त्यांच्यातून तो प्रकार गेला. मला याचा अनुभव रोज फोनवर येतो. सचिवदादा पलीकडून विचारतात, “ताई, कुठं दाबू?” आणि मी म्हणते, “बिल उघडा, वरून चौथं.” तो चौथा कधी तिसरा, कधी पाचवा झाला तर फोनवरून मदत करणं संपलंच.

लपवलेल्या पर्यायांमुळे दोन आडव्या रेघा एकाखाली एक उरतील ही भीती बाळगू नका. क्यूटीचा मेनू लागून आलेल्या विभाजक रेघा स्वतःच एक करतो. आणि लपवलेल्या पर्यायाचा शॉर्टकटही बंद होतो, त्यामुळे तो वेगळा काढावा लागत नाही.

एक क्रिया, तीन जागा

व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये मेनूतलं ‘छापा’ वेगळं आणि टूलबारवरचं छापण्याचं बटण वेगळं. एक बंद केलं की दुसरं आठवणीने बंद करायचं. क्यूटीत हा घोळ नाही, पण तो नसण्याचा फायदा घ्यायला हवा.

इथे पर्याय म्हणजे क्यूॲक्शन, एक क्रिया. ती एकदाच बनवायची आणि तीच वस्तू ॲडॲक्शनने मेनूत घालायची, टूलबारमध्ये घालायची, तक्त्यावर उजवं क्लिक केल्यावर येणाऱ्या यादीत घालायची. मग छापा.सेटएनेबल्ड(फॉल्स) असं एकदा म्हटलं की तिन्ही ठिकाणी फिकं, आणि कंट्रोल-पी सुद्धा गप्प. मी असे प्रोग्रॅम पाहिले आहेत ज्यात मेनूसाठी एक क्रिया, टूलबारसाठी दुसरी, दोन्हींना एकच फंक्शन आणि एकच शॉर्टकट जोडलेला. मग क्यूटी ‘हा शॉर्टकट नक्की कुणाचा?’ म्हणून गोंधळतं, कंट्रोल-पी दाबून काहीच होत नाही आणि कन्सोलवर संदिग्ध शॉर्टकटची तक्रार येते.

दोन किरकोळ गोष्टी. क्यूटी ५ मध्ये क्यूॲक्शन विजेट्सच्या विभागात होता, क्यूटी ६ मध्ये तो जीयूआयच्या विभागात गेला. जुना कोड आणल्यावर पहिल्याच इम्पोर्टला अडखळलात तर कारण हे. दुसरं, क्रिया बनवताना पालक म्हणून मुख्य खिडकी द्या. फंक्शनपुरत्या चलात ठेवलेली बिनपालकाची क्रिया फंक्शन संपताच कचऱ्यात जाऊ शकते, आणि मेनूत ती दिसतच नाही म्हणून तुम्ही सगळीकडे शोधत बसता.

मेनूंची नावं मराठीत असतील तर ऑल्ट दाबून अक्षराने उघडण्याची सोय विसरू नका. संस्थेतला कीबोर्ड बहुतेक वेळा इंग्रजीवर असतो, तिथे ऑल्टसोबत ‘प’ दाबणार कसा? मी मराठी नावापुढे कंसात एक इंग्रजी अक्षर ठेवते आणि त्या अक्षराच्या आधी अँपरसँड.

अट पर्यायाच्या शेजारी

आता मुख्य काम.

सरधोपट पद्धत अशी असते. सत्र सुरू करणाऱ्या फंक्शनच्या शेवटी: सत्र सुरू करा फिकं, सत्र बंद करा चालू, नोंद घ्या चालू. सत्र बंद करणाऱ्या फंक्शनच्या शेवटी याच्या उलट. फॅट यंत्राची जोडणी तुटली तिथे आणखी दोन ओळी. बिल लॉक झालं तिथे चार. लॉगिन बदललं तिथे सहा. प्रत्येक ओळ तिच्या जागी बरोबर असते. पण सत्र चालू असताना यंत्र तुटलं, ते पुन्हा जोडेपर्यंत सत्र बंद केलं, आणि मग जोडणी आल्यावर तिथल्या ओळीने ‘नोंद घ्या’ चालू करून टाकलं, सत्र नसताना! प्रत्येक घटना फक्त स्वतःपुरतं बघते आणि बाकीची परिस्थिती तिला माहीत नसते.

हे उलटं करा. घटनांनी मेनूला हातच लावायचा नाही. त्यांनी फक्त परिस्थिती बदलायची: सत्र चालू आहे की नाही, यंत्र जोडलंय की नाही, कोण बसलंय, कुठली नोंद निवडली आहे. आणि प्रत्येक पर्यायाची अट एका जागी लिहून ठेवायची. माझ्या प्रोग्रॅममधल्या काही अटी अशा:

‘नोंद घ्या’ – सत्र चालू आहे, आणि यंत्र जोडलेलं आहे किंवा हाताने आकडे भरायची मुभा सचिवांनी दिली आहे.

‘नोंद दुरुस्त करा’ – नोंद निवडलेली आहे, आणि त्या तारखेचं बिल लॉक झालेलं नाही, आणि नोंद चालू सत्रातली आहे किंवा बसलेला माणूस सचिव आहे.

‘सत्र बंद करा’ – सत्र चालू आहे, आणि अर्धवट नोंद नाही. अर्धवट म्हणजे यंत्राने फॅट दिलं, पण काट्यावरून लिटर यायचं आहे.

‘बिल लॉक करा’ – सचिव बसले आहेत, १ ते १०, ११ ते २० किंवा २१ ते महिनाअखेर यापैकी निवडलेली मुदत संपलेली आहे, आणि त्या मुदतीत कुठलंही सत्र उघडं राहिलेलं नाही.

यातली एकेक ओळ म्हणजे एकेक छोटं फंक्शन. क्रिया आणि तिची अट अशा जोड्या एका डिक्शनरीत ठेवायच्या. मग ‘मेनू ताजा करा’ नावाचं एकच फंक्शन त्या डिक्शनरीवरून फिरतं, प्रत्येक अट विचारतं आणि येईल ते उत्तर त्या क्रियेच्या सेटएनेबल्डला देतं. सगळ्या प्रोग्रॅममध्ये सेटएनेबल्ड मेनूसाठी एवढ्या एकाच ओळीत येतं. एखादा पर्याय चुकीच्या वेळी फिका पडला तर बघायची जागा एकच.

ही कल्पना नवी नाही. फॉक्सप्रोत मेनूची ओळ लिहिताना तिच्याच शेपटाला ‘स्किप फॉर’ म्हणून अट जोडता यायची. अट खरी ठरली की ती ओळ फिकी. आपल्याकडच्या किती पतसंस्था आणि दूध संस्था फॉक्सप्रोवर चालल्या! त्यांच्या मेनूत बाकी काहीही असो, कुठलं कलम कधी बंद हे त्या एका ओळीवरून वाचता यायचं. मी फक्त ती सोय क्यूटीत परत आणली आहे.

पायथॉन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव देता येतं. अटींची नावं मी मराठीतच ठेवते: सत्र_चालू_आहे, बिल_लॉक_झालंय. सहा महिन्यांनी वाचताना बरं पडतं. फक्त अर्ध्या र ची काळजी घ्या. काही कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहिताना मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतात आणि पायथॉन नावातलं ते अक्षर अवैध म्हणून नाकारतो. डोळ्यांना काहीच चूक दिसत नाही. नावात ऱ्या येणारच नाही असा शब्द शोधा आणि पुढे चला.

एक तांत्रिक खोच: ‘निवडलेल्या ओळी आणि लॉक नाही’ असं पायथॉनमध्ये लिहिलं तर काही वेळा उत्तर खरं-खोटं न येता रिकामी यादी येते. पायक्यूटी (क्यूटी पायथॉनमधून वापरायची दुसरी लायब्ररी) अशा वेळी टाइपएररची ओरड करतं. उत्तर बूलमध्ये गुंडाळूनच पुढे द्या. आणि पुन्हा पुन्हा तेच उत्तर दिल्याने प्रोग्रॅम मंदावेल ही शंका नको. क्रिया आधीच फिकी असेल आणि तुम्ही पुन्हा फिकी करायला सांगितलीत तर क्यूटी काहीच करत नाही.

पूर्ववत आणि पुन्हा करा या दोन पर्यायांना मात्र या डिक्शनरीत घालू नका. केलेले बदल लक्षात ठेवणारा क्यूटीचा क्यूअंडूस्टॅक वापरत असाल तर क्रिएटअंडूॲक्शन आणि क्रिएटरीडूॲक्शन तयार क्रिया देतात. त्या आपापल्या फिक्या होतात, आपापल्या उजळतात.

हिशेब पुन्हा केव्हा मांडायचा

‘मेनू ताजा करा’ कधी बोलवायचं? सोपं वाटणारं उत्तर म्हणजे मेनू उघडताना. क्यूमेनू उघडण्याच्या बेतात असला की अबाउटटूशो असा सिग्नल, म्हणजे काहीतरी घडल्याची सूचना, देतो. तिथे जोडलं की झालं. मेनूपुरतं हे खरंही आहे. पण लिपिक मेनू उघडतोय कुठे? तो कंट्रोल-पी दाबतो, नाहीतर टूलबारवर क्लिक करतो. मेनू उघडलाच नाही तर हिशेब मांडलाच जात नाही, आणि शॉर्टकट मागच्या वेळच्या परिस्थितीवर चालत राहतो. नोंद निवडलेली असून कंट्रोल-पी मुकं, किंवा त्याहून वाईट, नोंद नसताना जिवंत.

म्हणून परिस्थिती जिथे जिथे बदलते तिथून बोलवा. सत्र, लॉगिन, यंत्राची जोडणी, बिलाचं लॉक हे सगळं मी एका ‘स्थिती’ नावाच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवते, आणि त्यातलं काहीही बदललं की तो एक सिग्नल सोडतो. तक्त्यातल्या निवडीसाठी सिलेक्शनमॉडेलचा सिलेक्शनचेंज्ड.

इथे एक खड्डा आहे आणि तो भल्याभल्यांना दिसत नाही. तारीख बदलली की तक्त्याचं मॉडेल (त्याला माहिती पुरवणारं ऑब्जेक्ट) रीसेट होतं, निवड पुसली जाते, पण त्या वेळी सिलेक्शनचेंज्ड येत नाही. क्यूटीच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की रीसेट कुठलाही सिग्नल न देता निवड साफ करतं. परिणाम असा की कालची नोंद निवडली होती, तारीख आजची केली, तक्ता रिकामा आहे, आणि ‘पावती छापा’ टवटवीत. म्हणून मॉडेलरीसेटही जोडा. आणि तक्त्याला सेटमॉडेलने नवं मॉडेल दिलंत तर सिलेक्शनमॉडेलही नवं बनतं. जुन्याला जोडलेली तार तिथेच लोंबकळत राहते. नवं मॉडेल दिलं की जोडणी पुन्हा करायची.

एवढ्या तारा जोडल्या की एका क्लिकवर हिशेब चार-पाचदा मांडला जातो. त्यावर उपाय म्हणून थेट फंक्शन न बोलवता शून्य मिलिसेकंदांचा, एकदाच वाजणारा क्यूटायमर मध्ये ठेवते. प्रत्येक सिग्नल टायमर सुरू करतो. आधीच सुरू असेल तर तो नव्याने सुरू होतो. हातातल्या घटना निपटल्या की एकदाच वाजतो. बोनस म्हणजे तोवर मॉडेल आणि निवड दोन्ही स्थिरावलेली असतात, कोण आधी कोण नंतर हा प्रश्न उरत नाही.

अबाउटटूशो अगदी टाकाऊ आहे असं नाही. ज्या गोष्टी बदलल्या की आपल्याला कोणी सांगत नाही, आणि ज्या पर्यायाला शॉर्टकट नाही, तिथे तो बरोबर बसतो. ‘पेनड्राइव्हवर बॅकअप’ हे त्यातलं. पेनड्राइव्ह लावलाय का, हे मी साधने मेनू उघडतानाच बघते. तिथे रेंगाळणारं काम मात्र घालू नका. नेटवर्कवरचं फोल्डर सापडतंय का ते तपासायला गेलात तर मेनू उघडायलाच दोन सेकंद लागतील.

फॅट यंत्राचे आकडे सिरियल पोर्टवरून येतात आणि ते वाचणारा थ्रेड (समांतर चालणारा धागा) वेगळा असतो. त्या थ्रेडमधून क्रियेला कधीही हात लावू नका. तिथून फक्त सिग्नल सोडा. मुख्य थ्रेडमधला ऑब्जेक्ट तो घेईल आणि स्थिती बदलेल. नाहीतर प्रोग्रॅम कधीतरी बंद पडेल, आणि तो ‘कधीतरी’ रांग लागलेली असतानाच येतो.

लांबलचक काम चालू असताना, म्हणजे दहा दिवसांचं बिल तयार होत असताना, जवळजवळ सगळंच बंद ठेवावं लागतं. त्यासाठी बिल मेनूच पूर्ण फिका करण्याचा मोह होतो; करू नका, आत काय आहे ते लोकांना वाचता तरी येऊ द्या. स्थितीत ‘काम_चालू’ ही एक खूण वाढवा, अटींमध्ये ती विचारा. ती खूण उतरवणं फायनलीच्या भागात लिहा. बिल करताना मध्येच चूक आली आणि खूण तशीच राहिली तर सगळा मेनू फिका राहतो, आणि मग फोन येतो: “ताई, मेनू मेलाय.”

फिकं का, ते सांगा

हा फोन टाळता येतो. अटीच्या फंक्शनने होय-नाही देण्याऐवजी कारण द्यायचं. हरकत नसेल तर रिकामी स्ट्रिंग. असेल तर एक वाक्य. ‘नोंद दुरुस्त करा’च्या फंक्शनमध्ये मी असं लिहिते: काही निवडलं नसेल तर “आधी तक्त्यातलं सभासदाचं नाव निवडा.” बिल लॉक असेल तर “११ ते २० चं बिल लॉक आहे. सचिवांनी उघडल्यावर दुरुस्ती होईल.” नोंद जुन्या सत्रातली असेल तर “सत्र बंद झालंय. सचिवांचं लॉगिन हवं.” कारण रिकामं असेल तरच क्रिया चालू. तेच वाक्य सेटटूलटिपला. मेनूतल्या टूलटिपा क्यूटी एरवी दाखवत नाही. त्या मेनूला सेटटूलटिप्सव्हिजिबल ट्रू करावं लागतं. मग फिक्या पर्यायावर माउस थांबवला तरी वाक्य दिसतं.

अट लिहिताना वाक्यही लिहावं लागलं की आणखी एक फायदा होतो. जी अट एका वाक्यात मांडता येत नाही ती बहुधा दोन अटींची खिचडी असते.

टूलटिपवर माझा पूर्ण भरवसा नाही. माउस धरून थांबायची सवय फार थोड्या लोकांना असते. म्हणून ‘साधने’मध्ये सगळ्यात खाली एक पर्याय आहे: ‘आत्ता काय चालत नाही?’ तो कधीच फिका होत नाही. दाबला की त्याच डिक्शनरीवरून फिरतो आणि फिक्या असलेल्या प्रत्येक पर्यायापुढे त्याचं कारण लिहून एक खिडकी उघडतो. पंधराएक ओळींचं काम. आता फोन आला की मी म्हणते, “दादा, ते शेवटचं दाबा आणि मला वाचून दाखवा.” निम्म्या वेळा वाचता वाचताच “हां हां, कळलं” ऐकू येतं.

काही पर्याय मात्र फिके करूच नयेत. प्रिंटरमध्ये कागद आहे का, हे प्रोग्रॅमला खात्रीने कळत नाही. अंदाजाने ‘पावती छापा’ बंद ठेवलंत तर कागद भरून झाल्यावरही ते बंदच राहील. दाबू द्या, छपाई झाली नाही तर तेव्हा स्पष्ट सांगा. कारण शोधायला डेटाबेसमध्ये जड शोध लागतो तिथेही तसंच: दर क्लिकला तो शोध करत बसण्यापेक्षा दाबल्यावर तपासलेलं बरं.

कुलूप मेनूत नसतं

फिकं केलं म्हणजे सुरक्षित झालं, असं समजणारे पुष्कळ. संस्थेत दोन संगणक असतात, एक काट्याजवळ आणि एक ऑफिसात. सचिवांनी ऑफिसातून बिल लॉक केलं त्या क्षणी काट्याजवळच्या लिपिकाच्या पडद्यावर ‘नोंद दुरुस्त करा’ अजून चालूच आहे. त्याच्या संगणकाला बातमी पोचलेली नाही. तो दुरुस्ती करून मोकळा होतो आणि लॉक झालेलं बिल जुळत नाही. त्यामुळे खरी आडकाठी डेटाबेसमध्ये हवी. बदल करणाऱ्या अपडेटच्या वेअरमध्येच ‘बिल लॉक नाही’ ही अट घाला आणि किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आल्या तर लिपिकाला सांगा, स्थिती नव्याने वाचा, मेनू ताजा करा. सचिवांचे अधिकारही तसेच: पर्याय लपवला तरी काम करणाऱ्या फंक्शनने कोण बसलंय ते पुन्हा विचारायचंच.

क्यूटी वापरत नसाल तर

अटी एका जागी ठेवायचं तत्त्व तेच, खड्डे मात्र ज्याचे त्याचे. पायथॉनसोबतच येणाऱ्या टीकेइंटरमध्ये एंट्रीकॉन्फिगने पर्याय फिका केला तरी शॉर्टकट चालूच राहतो, कारण मेनूत दिसणारं ‘कंट्रोल-पी’ हे नुसतं लिहिलेलं असतं. खरी कळ वेगळ्या बाइंडने जोडलेली असते. त्या फंक्शनच्या सुरुवातीलाच अट विचारा. मॅकवर कोकोआत मेनूचं ऑटोएनेबल्सआयटम्स चालू असेपर्यंत तुमच्या सेटएनेबल्डला कोणी विचारत नाही. तिथे व्हॅलिडेटमेनूआयटममध्ये उत्तर द्यावं लागतं. विंडोजच्या जुन्या एमएफसी लायब्ररीत ज्या आज्ञेला हाताळणारं फंक्शनच नाही तो पर्याय आपोआप फिका पडतो, तेव्हा ‘हे चालू का होत नाही’ असं वाटलं तर आधी मेसेज मॅप बघा. विंडोजवरच्या डब्ल्यूपीएफवाल्यांचं बरं आहे, त्यांना आज्ञेसोबतच तिची अट लिहायची जागा, कॅनएक्झिक्यूट, जन्मतःच मिळालेली आहे.

पाठवण्याआधी

अटी स्वतंत्र फंक्शनं असल्यामुळे त्यांच्या चाचण्या खिडकी न उघडता होतात. स्थितीचं ऑब्जेक्ट हवं तसं भरा, अट विचारा, कारण रिकामं आहे की नाही बघा. सत्र चालू-बंद, यंत्र जोडलेलं-तुटलेलं, लिपिक-सचिव, बिल लॉक-मोकळं: चार गोष्टींच्या सोळा जोड्या एका लूपमध्ये बसतात, आणि ‘सत्र नसताना नोंद घ्या कधीच चालू नको’ असलं वाक्य त्या सोळांवर एका दमात तपासता येतं.

चाचणीत न सापडणारी गोष्ट रंगाची. मेनूला शोभिवंत करण्यासाठी स्टाइलशीटमध्ये क्यूमेनूच्या आयटमला रंग दिलात आणि डिसेबल्ड अवस्थेचा रंग वेगळा लिहिला नाहीत, तर बंद पर्यायही चालूसारखाच काळाभोर दिसतो. दाबला की काही होत नाही, आणि लिपिक पुन्हा पुन्हा दाबत बसतो. डिसेबल्डचा रंग लिहाच, पण तो इतका फिकट ठेवू नका की अक्षरं पुसून जातील. संस्थेतला मॉनिटर बहुधा जुना असतो, त्यावर दुधाचे शिंतोडे, आणि सकाळी खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येतं. माझ्या लॅपटॉपवर सुरेख दिसणारी राखाडी छटा तिथे पार नाहीशी होते. मी रंग ठरवते तो संस्थेतच, काट्याशेजारच्या त्या संगणकावर, लिपिकाला त्याच्या खुर्चीतून फिका पर्याय वाचायला सांगून.